टोपलीत उरलेले नऊ चाकू

१

शुक्रवारी दुपारी चार वाजता वाल्मिक पालव्यांनी भिंगारच्या जुन्या बाजारातल्या आपल्या दुकानाचं शटर वर केलं, पंखा लावला, उदबत्ती पेटवली आणि काचेच्या कपाटाकडे नजर जाताच ती तशीच हातात धरून उभे राहिले.

कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. वरच्या कप्प्यात मखमलीवर ठेवलेला जपानी पोलादाचा चाकू जागच्या जागी होता. तो विकायचा नव्हता. चाकूंचा नाद असलेल्या आदिनाथरावांनी तो नुसता मांडायला दिला होता. किंमत अडतीस हजार. खालच्या कप्प्यात वेताची टोपली होती. तिच्यात सकाळी 'शिलेदार' छापाचे, दोनशे ऐंशी रुपयांचे, घडीचे एक्कावन्न चाकू होते. आता नऊ होते.

वाल्मिकभाऊंनी पोलिसांना फोन केला नाही, मागच्या गल्लीत जयाताईंना केला.

जयाताई खेडकर चौतीस वर्षं लष्कराच्या भांडारात तपासनीस होत्या. आलेला माल उघडायचा, दाबून-वाकवून बघायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. बूट, कंदील, तंबूच्या खुंट्या, असं काय काय त्यांच्या हाताखालून गेलं होतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी बाजारात कुणाचं काही हरवलं की लोक आधी त्यांच्या दारात येत. त्याही चष्मा पुसत लगेच निघत. घरात बसून पाय दुखतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

"ताई, मला चोरीचं एवढं नाही," वाल्मिकभाऊ म्हणाले. "उद्या सकाळी दहाला कानिफनाथ मुकादम येतोय. पाथर्डीकडची ऊसतोडीची टोळी घेऊन कारखान्यावर निघालाय. दर साली इथं ट्रक थांबवतो आणि टोळीतल्या प्रत्येकाला एकेक शिलेदार देतो. चाळीस चाकू सांगून ठेवलेत. आपलीच माणसं ती, माझ्या गावाकडची. त्यांना काय तोंड दाखवू?"

"मागचं दार?"

"कडी नुसती सरकवलेली होती. खिडकीतून हात घातला की दार उघडतं आणि कपाटाची किल्ली कॅलेंडरमागे असते. रोज येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे ते."

"कुणाशी वाजलं होतं का?"

"सकाळी सूनबाईशी थोडं झालं. तिला ही टोपली दुकानातच नको आहे. आणि काल आदिनाथ येऊन नेहमीसारखी नावं ठेवून गेला. पण त्यात नवीन काय?"

जयाताई टोपलीवर वाकल्या. नऊच्या नऊ चाकू एका रांगेत, मुठी एकीकडे करून ठेवलेले होते. त्यांनी त्यातला एक उचलून पिशवीत टाकला.

"वाल्मिकभाऊ, घाईतला चोर अख्खी टोपली उचलून पळतो," त्या म्हणाल्या. "ह्यानं टोपली ठेवली, नऊ चाकू ठेवले, ते नीट मांडूनही ठेवले. ह्या माणसाला घाई अजिबात नव्हती."

२

आदिनाथ गर्जे म्हणजे भिंगारमधलं चाकूंचं शेवटचं न्यायालय. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आयुष्य गेलं. बायको गेल्यावर घरात एकटेच राहिले आणि चाकूंचा नाद लागला. त्यांच्याकडे एकवीस चाकू होते आणि प्रत्येकाचं पोलाद, धारेचा कोन, बनवणाऱ्याचं नाव तोंडपाठ. त्यांनीच 'पातं मंडळ' काढलं होतं. दर रविवारी आठ-दहा माणसं वाल्मिकभाऊंच्या दुकानापुढच्या बाकावर जमायची, एकमेकांचे चाकू रुमालात धरून बघायची आणि शिलेदारच्या टोपलीकडे बघून हसायची.

जयाताईंनी दार वाजवल्यावर आदिनाथराव बाहेर आले ते हात पुसतच. आल्या आल्या त्यांनी पाठीमागे दार ओढून घेतलं.

"चोरी? त्या डबड्यांची?" त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. "मग चोर अडाणी असणार, मॅडम." एकाच आवारात नोकरी केल्यामुळे ते अजून जयाताईंना मॅडम म्हणत.

"तुमचा चाकू सोडून ते नेले. म्हणून तुम्हाला विचारायला आले."

"मॅडम, शिलेदार म्हणजे काय ते तरी लोकांना ठाऊक आहे का? शिलेदार ही बॅटरीची कंपनी. आपल्या लहानपणी घरोघरी असायची, पितळी टोपणाची. ती कंपनी कधीच बुडाली. नाव कुणीतरी विकत घेतलं आणि आता कुठल्या तरी शेडमध्ये बनलेल्या चाकूंवर ते ठोकतात. पोलाद मऊ. पातं डुगडुगतं. मुठीला लाकूड नाही, लाकडाचा रंग आहे. आमच्या मंडळात कुणी तो आणला तर सगळ्यांना चहा पाजायचा, असा दंड आहे."

"तरी खपतात."

"नाव खपतं हो, चाकू नाही. तेवढ्याच पैशात मी साधा पण चांगला चाकू दाखवतो. घेत नाहीत. पंचवीस वर्षं ओरडतोय, कुणी ऐकत नाही."

"तुम्ही कधी वापरून बघितलाय?"

"मी? दोन वर्षांत त्या टोपलीत बोट घातलं नाही. ते पिवळ्या पिनांचं खेळणं कोण हातात धरेल!"

जयाताईंनी मान डोलावली आणि पायऱ्या उतरल्या. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर दोन गोष्टी त्यांच्या ध्यानात आल्या. एक तर आदिनाथरावांनी आज चहाला आत बोलावलं नव्हतं. वीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

दुसरी गोष्ट बघायला त्यांनी पिशवीतला शिलेदार बाहेर काढला, उन्हात धरला, उलटासुलटा केला. मुठीला तीन पिना होत्या आणि तिन्ही पांढऱ्या.

मग पिवळ्या पिना आदिनाथरावांनी बघितल्या कुठे?

३

वाल्मिकभाऊंची सून धनश्री दुकानाच्या वर राहायची आणि वरच्या खोलीतून मोबाईलवर दुकान चालवायची. महागाच्या सुऱ्या, कात्र्या, पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं. जपानी चाकू कपाटात मांडायची कल्पना तिचीच.

"हो, सकाळी मी बोलले बाबांना," ती पार्सलं बांधता बांधता म्हणाली. "मावशी, वर एवढा देखणा चाकू आणि खाली भाजीसारखी टोपली. फोटोत किती वाईट दिसतं! पण म्हणून मी चोरीन का? दुपारभर मी इथंच होते. समोरच्या टेलरना विचारा."

"विचारलं. ते म्हणाले, तू खिडकीत दिसत होतीस. आणखीही एक गोष्ट म्हणाले. अडीचच्या सुमाराला कल्याण मागच्या बोळात शिरला."

"कल्याण? शिलेदारचा माल आणणारा? तो आज येणारच नव्हता. सोमवारीच तर अठ्ठेचाळीस नवे देऊन गेला. जुने नऊ उरले होते. ते मीच नव्यांत ओतले."

बोलता बोलता तिनं टेबलावर हात फिरवला, एक चाकू उघडला आणि पार्सलची टेप सर्रकन कापली. जयाताईंनी तिच्या हाताकडे बघितलं. धनश्रीनंही बघितलं आणि ती लाजली.

"बुधवारी टोपलीतून आणला. बाबांना सांगू नका हं."

"तो फालतू आहे ना?"

"आहे की. पण टेप कापून पातं चिकट होतं. तो जपानी कोण चिकट करून घेईल? ह्यानं मी टेप कापते, डबे उघडते, परवा तर स्टुलाचा स्क्रू पिळला. हरवला तर खाली जाऊन दुसरा आणायचा. चांगला चाकू घेतला की त्याला सांभाळत बसावं लागतं, मावशी. माझ्याकडे एवढा वेळ कुठाय?"

जयाताईंनी तो चाकू हातात घेतला. मुठीला तीन पिवळ्या पिना होत्या. हा नव्या मालातला. त्यांनी आपल्या पिशवीतला जुना त्याच्याशेजारी ठेवला. बाकी दोन्ही चाकू जुळ्या भावांसारखे.

मग त्यांनी चौतीस वर्षं जे केलं होतं तेच केलं. जुना चाकू उघडला आणि पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर दाबली. पातं हललं नाही. नवा उघडला, तसाच दाबला. खटकन आवाज झाला आणि पातं मुठीत मिटलं. मिटता मिटता त्यांच्या पदराचा काठ कापून गेलं.

धनश्रीनं दचकून त्यांची बोटं धरली. पण जयाताई भलत्याच विचारात होत्या. अठ्ठेचाळीसमधले सहा गेले, बेचाळीस उरले. चोरीला गेले तेही बेचाळीसच.

"टोपलीत नऊ उरले नव्हते गं," त्या म्हणाल्या. "कुणीतरी एकेक बघून नऊ चांगले बाजूला काढले आणि सगळे नापास घेऊन गेला. हे काम चोराचं वाटत नाही. माझ्यासारख्याचं वाटतं."

४

कल्याणला संध्याकाळी सात वाजता नगरहून बोलावून घेतलं. तो आला तो घाम पुसतच. खुर्चीच्या कडेवर टेकला आणि वाल्मिकभाऊंकडे बघायचं टाळू लागला.

"अडीच वाजता बोळात काय करत होतास?" जयाताईंनी सरळच विचारलं.

"ताई, शपथ घेतो, मी काही नेलं नाही."

"न्यायला आला होतास, पण नेता आलं नाही. असंच ना?"

कल्याणचा चेहरा पडला. मग त्यानं सगळं ओकून टाकलं. कंपनीनं मुठीच्या पाठीत बसणारी, पातं धरून ठेवणारी स्प्रिंग बनवणारा बदलला होता. नव्यानं पातळ स्प्रिंगा दिल्या. बुधवारी जामखेडच्या एका दुकानदाराचा फोन आला, की जोर लावला की पातं मिटतंय. वरून हुकूम आला, गाजावाजा करू नका, गुपचूप माल उचला.

"म्हणून मी दुकान बंद असताना आलो. म्हटलं, आज घेऊन जाऊ, चार दिवसांनी नवा माल ठेवू, कुणाला कळणार नाही."

"मला सांगायचं होतंस!" वाल्मिकभाऊ उठून उभे राहिले. "सतरा वर्षं तुझ्याकडून माल घेतोय मी. मीच फोन करून परत दिला असता."

"तेच तर, भाऊ. सतरा वर्षांनी कुठल्या तोंडानं सांगू?"

"पुढे बोल," जयाताई म्हणाल्या. "दार?"

"दार नुसतं लोटलेलं होतं. कपाटासमोर स्टूल ओढलेलं. टोपलीत नऊच चाकू. मला वाटलं, आता आळ माझ्यावरच येणार. पळालो."

"उद्या दहापर्यंत दुसरा माल मिळेल?"

"गोदामात आहे तो सगळा ह्याच स्प्रिंगचा आहे, ताई."

 बाहेर रस्त्यावरून एसटी गेली तेव्हा कपाटाच्या काचा थरथरल्या. वाल्मिकभाऊंचा राग आता चोरावरून, कल्याणवरून उठून वेगळ्याच ठिकाणी गेला होता. त्यांनी ह्याच हातांनी पाच जणांना तो चाकू बांधून दिला होता.

"एक धनश्रीनं नेलाय, आत्ताच कबूल झाली," ते बोटांवर मोजू लागले. "दोन भाजी बाजारात. एक शाळेच्या शिपायाला, एक गॅरेजवाल्याला. आणि सहावा..." ते थांबले. "सहावा कडूबाईंनी नेला, मंगळवारी. रोज सकाळी माझ्या दारासमोर पेरूची पाटी लावतात. बुधवारपासून त्या इकडं आलेल्याच नाहीत."

५

शनिवारी सकाळी सातला जयाताईंना कडूबाई सापडल्या त्या वेशीजवळच्या कोपऱ्यावर. समोर पेरूची पाटी, शेजारी सीताफळं. उजव्या हाताच्या दोन बोटांना पांढरं फडकं बांधलेलं.

कडूबाई सत्तरीच्या. वीस हंगाम ऊस तोडला, मग कंबर गेली आणि इथं लेकीकडे येऊन पेरू विकू लागल्या. त्यांचा लेक आणि सून मात्र कानिफनाथच्या टोळीत होते. आजच्याच ट्रकमध्ये.

"बोटाला काय झालं?"

"काय न्हाई वो. पेरू चिरताना चाकू मिटला. माजंच चुकलं."

"तुमचं कसं? चाकू वाईट असेल."

"शिलेदार वाईट कसा आसंल?" कडूबाईंना रागच आला. "माज्या बापाकडं शिलेदाराची बॅटरी हुती. तिच्या उजेडात आमी रानातनं घरी यायचो. साप दिसायचा, इच्चू दिसायचा. माजाच हात थरथरतो आता. वाल्मिकला कसं सांगू? त्याला वाटंल, म्हातारी गाऱ्हानं घिऊन आली. म्हनून हितं बसते."

जयाताईंनी त्या फडक्याकडे बघितलं. बाईचं बोट कापलं होतं, आणि ती चाकूचीच बाजू घेत होती.

"तो चाकू कुठंय?"

"आदिनाथभाऊनी नेला. पेरू घ्यायला आल्ते बुदवारी. रगात बगितलं, सोता फडकं बांदलं. मग चाकू घिऊन लई येळ बगत बसले, दहा येळा उगडला, दहा येळा मिटला. म्हनले, मावशी, ह्यो मला द्या, तवर ह्यो वापरा."

त्यांनी कमरेची पिशवी सोडली. पिशवीत रुमाल, रुमालात कागद आणि कागदात एक चाकू होता. मूठ सांबरशिंगाची, पातं आरशासारखं. पेरू मात्र कडूबाई घरातल्या जुन्या विळीच्या तुकड्यानं चिरत होत्या.

"हा वापरत नाही?"

"वापरू कसा? पेरवाचं पानी लागंल, मीट लागंल, डाग पडंल. शेजारनीनं मागितला तर देववत न्हाई. उशाखाली घिऊन निजते म्या. लई भारी हाय, पन जिवाला घोर. शिलेदार कसा, हरवला तर हरवला, कुनी नेला तर नेला. तेवडं त्यास्नी सांगा ना, माजा मला द्या म्हनावं."

जयाताईंनी तिथूनच वाल्मिकभाऊंना फोन लावला. "गुरुवारी आदिनाथराव नेमकं काय म्हणाले? शब्द न् शब्द आठवा."

"काय म्हणणार? विकू नकोस म्हणाला. नेहमीचंच."

"नेहमी काय म्हणतात?"

"नेहमी म्हणतो, हे चाकू विकू नकोस." वाल्मिकभाऊ क्षणभर थांबले. "गुरुवारी म्हणाला, हा लॉट विकू नकोस. मी हसलो, ताई. म्हटलं, आजवर कुठला लॉट तू चांगला म्हणालास?"

"आणि ते?"

"तसाच निघून गेला."

"तुम्ही लगेच निघा," जयाताई म्हणाल्या. "उरलेले जुने चाकू घ्या. बाकीचे चौघं गाठा, त्यांचे बदलून द्या, आणि मग आदिनाथरावांच्या घरी या. आणि हो, येताना चोराला रागावायचं नाही."

६

आदिनाथरावांच्या घराचं पुढचं दार लोटलेलं होतं. जयाताई हाक न मारता सरळ मागच्या खोलीत गेल्या.

टेबलावर दिवा जळत होता. एका बाजूला मिटलेल्या चाकूंची रांग, दुसऱ्या बाजूला भाग सुटे केलेल्या चाकूंची. मधे आदिनाथराव एका हातात हातोडी, एका हातात पिन धरून बसले होते. डोळे लाल झाले होते. त्यांनी वर बघितलं, आणि पळून जायला जागा नाही हे कळल्यासारखं हातोडी खाली ठेवली.

"किती झाले?" जयाताईंनी विचारलं.

"एकोणतीस." मग खालच्या आवाजात, "तेरा राहिलेत. पिन काढायची, स्प्रिंग थोडी वाकवून तिला ताण द्यायचा, परत पिन ठोकायची. सोपं आहे, पण बोटं सुजलीत. आठच्या आत टोपलीत परत ठेवणार होतो, मॅडम. कुणाला कळलं नसतं."

"कळायला काय हरकत होती?"

त्यांनी हाताशी असलेला एक शिलेदार उघडला, मिटला.

"मी वाल्मिकला सांगितलं होतं. तो हसला. त्याचं तरी काय चुकलं? पंचवीस वर्षं मी प्रत्येक लॉटला वाईट म्हणत आलोय. चांगल्यालाही. आता खरंच वाईट आला, तर माझं कोण ऐकणार? मंडळात सांगितलं असतं तर तेही हसले असते. म्हणाले असते, तू कशाला त्या टोपलीला हात लावलास, चल, चहा पाज." त्यांनी हातातला शिलेदार टेबलावर ठेवला. "पण कडूबाई म्हणाल्या, माझंच चुकलं. ते ऐकल्यापासून मला जेवण गेलं नाही. ट्रकवर चाळीस माणसं हाच चाकू घेऊन जाणार, तिकडं फडात बोटं कापणार आणि प्रत्येक जण म्हणणार, माझंच चुकलं."

दारात सावली पडली. वाल्मिकभाऊ उभे होते. ते सगळं ऐकत होते की नुकतेच आले होते, ते कळेना. ते आत आले, टेबलावरची रांग बघितली, एक चाकू उचलून पातं दाबून बघितलं. मग आदिनाथरावांच्या शेजारच्या स्टुलावर बसले.

"मला शिकव," ते म्हणाले. "पिन कशी काढायची?"

"तुला नाही जमणार."

"मग ज्यांना जमेल त्यांना बोलाव."

"मंडळाला?" आदिनाथराव दचकले. "ह्यांच्यासाठी?"

"फोन करा," जयाताई म्हणाल्या. "चहाचा दंड मी भरते."

साडेआठपर्यंत चौघं जण आले: दातांचे एक डॉक्टर, एक निवृत्त सुभेदार आणि बँकेतले दोघं. दारात थबकले, एकमेकांकडे बघितलं, कुणीतरी हसणार एवढ्यात सुभेदारांचं लक्ष आदिनाथरावांच्या बोटांकडे गेलं. त्यांनी बाह्या सरसावल्या. डॉक्टरांचा हात इतका हलका, की पिना काढायचं काम त्यांनी एकट्यानंच घेतलं. पहिल्या दोन चाकूंना नाकं मुरडून झाली. तिसऱ्यापासून वाद सुरू झाले, स्प्रिंगला ताण किती द्यावा, पिन कुठल्या बाजूनं ठोकावी. पाचव्यापर्यंत बँकेतला एक जण म्हणाला, "मूठ मात्र हातात बसते हो बरी," आणि त्याला कुणी चहा मागितला नाही.

तयार झालेला प्रत्येक चाकू जयाताईंच्या हाताखालून गेला. टेबलाच्या कडेवर तीनदा दाबायचा आणि मग टोपलीत. दोन चाकू तिसऱ्या दाबाला मिटले. त्यांनी ते बाजूला फेकले. आदिनाथराव हात जोडून म्हणाले, "मॅडम, ते मी पहाटे केलेत." जयाताई म्हणाल्या, "नापास म्हणजे नापास."

बेचाळीसातले दोन गेले, राहिले चाळीस.

दहाला दहा मिनिटं असताना ट्रक बाजाराच्या तोंडाशी उभा राहिला. वर बिऱ्हाडं, भांडी, शेळ्यांची दोन करडं, माणसं. कानिफनाथ मुकादमानं टोपली खांद्यावर घेतली आणि नाव घेत एकेकाच्या हातात चाकू टाकू लागला. कडूबाईही आल्या होत्या. त्यांना त्यांचा शिलेदार मिळाला, दुरुस्त झालेला. तो त्यांनी बघितलासुद्धा नाही, सरळ कमरेला खोचला आणि सांबरशिंगाचा चाकू रुमालासकट आदिनाथरावांच्या हातात कोंबून सुटकेचा श्वास सोडला.

वर ट्रकमध्ये एका बाईनं नव्या चाकूनं करडाच्या गळ्यातला आवळलेला काथ्या कापला. मग तो चाकू तिनं मिटला आणि भांड्यांवरून पलीकडच्या बाईकडे भिरकावला. तिनं झेलला, गोणीचं तोंड फाडलं आणि परत भिरकावला. आदिनाथरावांनी डोळे घट्ट मिटून घेतले. चाकू असा कुणाकडे भिरकवावा, हे त्यांना आयुष्यात सुचलं नव्हतं.

डोळे उघडल्यावर त्यांना राहवलं नाही. ते ट्रकच्या फळीजवळ गेले.

"छबूबाई, कसा वाटला चाकू?" कडूबाईंच्या सुनेला त्यांनी विचारलं.

तिनं चाकू उघडला, अंगठ्यानं पाठ दाबली, कानाजवळ नेऊन खटका ऐकला. तिच्या तोंडावर हसू आलं.

"ब्येस हाय की," ती म्हणाली. "गेल्या साली पातं लई डुगडुगायचं. औंदा कंपनीनं ध्यान देऊन केल्यालं दिसतंय."

जयाताईंनी आदिनाथरावांकडे बघितलं. आता ते त्या बाईला बॅटरीची कंपनी, शेड, मऊ पोलाद, रात्रभराच्या पिना, सगळं ऐकवणार, अशी त्यांची खात्री होती. 

आदिनाथरावांनी सुजलेली बोटं पाठीमागे घेतली.

"व्हय," ते म्हणाले. "औंदा ध्यान दिलंय खरं कंपनीनं."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ट्रक हलला, आणि फळीवर बसलेल्या छबूबाईनं त्याच चाकूनं पेरूच्या चार फोडी करून एक फोड वाकून त्यांच्या हातात दिली.